वॉल्टरचं शेत, मिस पर्लचं भाडं

२ मार्च, रविवार
सांगितलं एकदाचं शेरिलने. चर्चमधून, मिस्साहून आलो, डॉमनिक ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आत येतोय, बूट काढतोय, तेवढ्यात ही म्हणाली, "मॉम, डॅडी, अँड्रे आणि मी लग्न करतोय. धिस इयर."
मला माहीत होतं. मागच्या उन्हाळ्यात दोघांना मॉलमध्ये पाहिलं होतं आणि मी पाठमोरी होऊन पडद्यांच्या दुकानात शिरले होते. पडदे नको असताना. तेव्हापासून आपल्याला माहीत नाही असं वागत होते. आज संपलं. हुश्श.
डॉमने एकच विचारलं, "घर स्वतःचं आहे का त्यांचं?"
"रेंटेड. किपलिंग रस्त्यावरच्या बिल्डिंगमध्ये. तो आणि त्याची ग्रँडमा."
"हं."
दुसरा बूट काढलाच नाही. एका पायात बूट, तसाच सोफ्यावर.

५ मार्च, राखेचा बुधवार
कपाळावर राख घेऊन भांडण. अँड्रेची सगळी चौकशी झाली. इलेक्ट्रिशियन, लायसन्सवाला. शेरिल काम करते त्या हॉस्पिटलमध्ये वायरिंगच्या कामाला आला होता, तिथे ओळख. जन्म इथलाच. आई लवकर गेली, आजीने वाढवला. आजी जमैकाहून आलेली, तरुणपणी.
मग डॉमचं सुरू. "आपल्या जोएलचा सासरा बघ. वॉल्टर. स्विस माणूस. त्याचा बाप इथे आला तेव्हा काय होतं? आज दोन तास गाडीने जा, नजर पोचते तिथवर त्यांचं शेत. गाई, ट्रॅक्टर, सायलो. ही बाई पण त्याच सुमाराला आलेली. आणि अजून भाडं भरते? म्हणजे काहीतरी फरक असणार ना माणसांतच."
शे. म्हणाली, "डॅडी, लिसन टु युअरसेल्फ." आणि वर गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं होतं.
प्रश्न माझ्याही मनात तोच होता.

९ मार्च, रविवार
जोएलचा फोन, हॅलिफॅक्सहून. बहिणीने त्याला आधीच सांगितलेलं, सगळ्यांना आधी कळतं, आईला शेवटी. सून कॅरिन बरी आहे, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक, दुसरा स्कॅन नॉर्मल. देवा, तुझे उपकार. पहिल्या स्कॅनपासून मी धड जेवले नव्हते.
बाळ ऑगस्टमध्ये. ईस्टरला येणार दोघं. कॅरिनचे डॅड वॉल्टर पण आपल्याकडे जेवायला.
मी म्हटलं, अँड्रे आणि आजींनाही बोलावते. जोएल हसला. "मम्मा, डॅडीला विचारलंस?"
नाही विचारलं.

१६ मार्च, रविवार
अँड्रे आला. उंच, दारात वाकला. हातात माझ्यासाठी फुलझाडाची कुंडी, दुकानाचं प्लॅस्टिक काढलेलं. डॉमशी विमानांवर बोलला. डॉमची एअरपोर्टवर विमान-मेंटेनन्समध्ये हयात गेली, कोणी विमानाबद्दल विचारलं की तो विरघळतो. आज अर्धाच विरघळला.
निघताना अँड्रेने बेसमेंटच्या जिन्यावरचा लुकलुकणारा दिवा पाहिला, स्टूल घेतलं, दोन मिनिटांत नीट केला. विचारलंसुद्धा नाही. डॉम नंतर तिथे जाऊन बटण चालू-बंद करून बघत होता.
"पोरगा वाईट नाही," म्हणाला. "प्रश्न पोराचा नाही."
"मग कोणाचा?"
"पाठीमागे काही नाही ना त्याच्या. उद्या काही झालं तर कोण?"

२३ मार्च, रविवार
आज शे. भाजी चिरता चिरता म्हणाली, "बाय द वे, ग्रँडमा पण खूश नाहीये."
"का?"
"तिच्या ओल्ड नेबरहूडमध्ये एक इंडियन दुकान होतं. ती आत गेली की मालक मागे मागे फिरायचा. ती काही उचलेल म्हणून. शी सेज, दोज पीपल विल काउंट द स्पून्स आफ्टर यू लीव्ह."
आधी राग आला. मग इतकं हसू आलं की सुरी खाली ठेवली. म्हणजे तिकडेही एक डॉम बसलाय! आपणच तेवढे नाही. शे. पण हसायला लागली, महिन्याभरात पहिल्यांदा. दोघी ओट्याला टेकून.
डॉमला नाही सांगितलं. नाही, सांगितलं. तो हसला नाही. पण रात्री दिवे बंद करताना म्हणाला, "आपण कशाला चमचे मोजू?"

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
चर्चमध्ये प्रत्येकाला एक एक पातळ झावळी. वसईला अख्ख्या झाडाच्या झावळ्या असायच्या, डॉमच्या वाडीतून जायच्या चर्चला, बावखलाच्या (तळ्याच्या) काठच्या माडांच्या.
ईस्टरचा मेन्यू: पोर्क इंद्याल, चिकन, पुलाव, सॅलड (वॉल्टरसाठी). अँड्रेच्या आजी, मिस पर्ल, पोर्क खात नाहीत, शे. सांगत होती. बीपी. मग मासे पण. मिस पर्ल म्हणायचं, नुसतं पर्ल नाही, अशी अँड्रेची ताकीद.
डॉमने जेवणाला हो म्हटलं. कसं ते मला विचारू नये. मी भांडले नाही, रडले नाही. फक्त म्हटलं, "तू नसलास तरी मी त्यांना वाढणार आहे."

२० एप्रिल, ईस्टर
झालं! पार पडलं! पाय दुखतायत पण झोपायच्या आत लिहायचंच.
वॉल्टर आधी आला, चीजचा मोठा तुकडा घेऊन. चांगला माणूस. गुडघे गेलेत. मुलगा शेती करायची नाही म्हणतो, तेवढं एक दुःख. मग मिस पर्ल. ऐंशीच्या पुढे, हॅट, हातमोजे, अँड्रेचा हात धरून, पण जिन्यावर धरू दिला नाही. खुर्चीत बसल्या, सगळं घर एकदा बघून घेतलं, छतापासून गालिच्यापर्यंत. मला म्हणाल्या, "नाइस हाउस. तुम्ही पुसता की बाई येते?"
"मीच."
"हं. दिसतं." (चांगल्या अर्थाने. बहुतेक.)
माशात मीठ कमी आहे म्हणाल्या. होतंच कमी.
वॉल्टर आणि त्या, कोण कधी आलं यावर बोलणं निघालं. एकाच सुमाराचं निघालं. वॉल्टर चार वर्षांचा होता, बापाच्या मांडीवर. त्या बाविशीच्या. तिकडे लहान मुलांच्या शाळेत शिकवायच्या. पण इथे यायचा रस्ता एकच होता, कोणाच्या तरी घरी घरकामाचा करार. मुलगी (अँड्रेची आई) आजोळी ठेवून. "मुलगी आहे हे सांगायचं नसे. सांगितलं तर घेत नसत." मालकिणीच्या तळघरात, घर तापवायच्या फर्नेसशेजारची खोली. मुलगी इथे आली ती आईला ओळखेना.
मग डॉमने, विषय बदलायला म्हणून असेल, आपली नेहमीची गोष्ट काढली. आम्ही कसे आलो. दोन पोरं, चार बॅगा, ओळखीचं कोणी नाही, शून्यातून. मी ती इतक्यांदा ऐकलीय की मी वाढायला उठले.
मिस पर्लनी नीट ऐकली. मग विचारलं, "आणि हे घर? कधी घेतलंत?"
"दुसऱ्या वर्षी," डॉम म्हणाला.
"दुसऱ्या वर्षी!" काटा खाली ठेवला त्यांनी. टोमणा नव्हता त्यात, खरंच नवल होतं. "हाउ?"
डॉम थांबला. मी हातात पुलावाचं भांडं घेऊन उभी. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचं त्यानेच बोलायला हवं होतं.
"गावी वाडी होती," तो म्हणाला. "केळीची, नारळाची. बापाची. माझा हिस्सा बिल्डरला विकला."
"आ," त्या म्हणाल्या. एवढंच.
आणि वॉल्टर हसायला लागला. मोठ्याने, खांदे हलवत. "डॉमनिक, माझा बाप मरेपर्यंत सांगायचा, मी एक सुटकेस घेऊन आलो. खरं होतं. त्या सुटकेसमध्ये अर्धं शेत होतं! भावाने त्याचा वाटा विकत घेतला होता. तो कागद बघून बँकेने इथे जमिनीला कर्ज दिलं. आणि चर्चमधल्या स्विस लोकांनी पहिल्या वर्षी मशिनं वापरायला दिली. कष्ट केले, हो, खूप केले. पण नथिंग? नथिंग नव्हतं."
"माझ्या सुटकेसमध्ये घरकामाचा युनिफॉर्म होता," मिस पर्ल म्हणाल्या. "दोन साइझ मोठा."
आधी त्याच हसल्या. मग अँड्रे. मग सगळे. डॉम सगळ्यांत शेवटी, पण हसला.
पुढचं पण सांगितलं त्यांनी, हसणं ओसरल्यावर. नर्सिंग होमच्या किचनमध्ये नोकरी, पै पै साठवली, घरासाठी कर्ज मागायला बँकेत गेल्या. मॅनेजर म्हणाला, नवऱ्याला घेऊन या. नवरा नव्हता. पुढे बायकांना मिळायला लागलं तोवर किमती कुठल्या कुठे, आणि मग मुलीचं आजारपण. "सो. आय पे रेंट. कधी एक महिना चुकला नाही."
डॉमने उठून त्यांच्या ताटात मासे वाढले. स्वतः. मीठ चिमूटभर वरून घातलं.

२१ एप्रिल, सोमवार
भांडी डॉमने पुसली. पुसता पुसता, माझ्याकडे न बघता:
"जोएलच्या घराला अर्धं डाउन पेमेंट आपण दिलं. अर्धं वॉल्टरने."
"हो."
"मी सगळ्यांना सांगत फिरलो, पोरांनी बघा कसं तिशीत घर घेतलं. हुशार पोरं."
"हुशार आहेतच."
"आहेत, पण..."
तो "पण" ऐकायला मी मार्चपासून थांबले होते.

२२ एप्रिल, मंगळवार
जोएल-कॅरिनला एअरपोर्टवर सोडलं. गाडीत जोएल म्हणाला, "डॅडी, खरं सांगू? माझ्या घरात माझं काय आहे? तुम्ही दिलंत, कॅरिनच्या डॅडनी दिलं. मी सही केली."
कॅरिनने त्याला कोपर मारलं. डॉम हसला. गाडीत छान वाटलं. कॅरिनच्या पोटावर हात ठेवला, लाथ लागली.

२७ एप्रिल, रविवार
मिस्सानंतर पार्किंगमध्ये गाडी चालू न करता:
"फिलू, शेरिलला तेवढंच द्यायचं. जोएलला दिलं तेवढं. कमी नाही."
मी स्टीअरिंगवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला, आमची जागा हवी होती त्याला. वाजव बाबा.
"आणि वॉल्टरचा अर्धा हिस्सा?" मी विचारलं. "तिकडून कोण देणार?"
"तिकडून त्या बाईने तो पोरगा दिलाय," डॉम म्हणाला. मग स्वतःच, "पण बँक पोराला पैशांत धरत नाही, ते खरं. अर्ध्यातलं घर घेतील, छोटं."
फार हलकं वाटतंय. रात्रीची गोळी न घेता झोप येईल.

४ मे, रविवार
एवढं सोपं कुठे असतं.
डॉमने अँड्रेला पैशांचं सांगितलं. तो खुर्चीतून उठून उभा राहिला. मग, "थँक यू, सर. आय मीन इट. मला विचार करायला वेळ द्या. ग्रँडमाशी बोलतो."
शे. नंतर म्हणाली, त्याला वाटतं पैसे घेतले की घरात त्याच्या शब्दाला किंमत राहणार नाही. शिवाय घराच्या कागदावर आजीचं नाव हवंय त्याला. तिच्या नावावर आजवर काही नव्हतं म्हणून.
डॉम: "आजीचं नाव? ऐंशी वर्षांच्या बाईचं? वकील काय म्हणेल?"
मी: "तू काय म्हणतोस?"
त्याने ताट पुढे ओढलं. जेवला नीट. चिडला असता तर जेवला नसता. एवढ्या वर्षांत तेवढं कळतं मला.

८ मे, गुरुवार
वॉल्टरचा फोन आला होता, डॉमशी बोलला. वकिलाचं नाव सांगितलं, त्या वकिलानेच वॉल्टरच्या आईचं नाव शेतावर चढवलं होतं, ती थकलेली असताना. "नथिंग टु इट, अगदी सोपं," म्हणाला म्हणे. डॉमने नाव लिहून घेतलं. कुठे ठेवलं ते मला दाखवलं नाही.

१० मे, शनिवार
अँड्रेचा पहाटेच मेसेज. पैशांबद्दल अक्षर नाही. इस्लिंग्टन रस्त्याच्या पलीकडे एक जुनं सेमी (शेजारच्या घराशी एक भिंत सामाईक) बघायला जातोय, वायरिंग मी बघेन, छत आणि बाकीचं सर बघतील का?
सर सकाळपासून तयार. खिशात टॉर्च. दोनदा विचारून झालं, किती वाजता निघायचं. अजून दीड तास आहे.
मिस पर्लचा फोन मला, पहिल्यांदाच थेट. "मी पण येतेय. तुझ्या नवऱ्याला सांग, मी पुढच्या सीटवर बसणार. मागे माझे गुडघे मावत नाहीत."
सांगितलं. आता बाहेर ड्राइव्हवेवर व्हॅक्यूमचा आवाज येतोय. खिडकीतून बघितलं तर डॉम गाडीची पुढची सीट मागे सरकवतोय, पाय पसरून स्वतः बसून बघतोय, परत थोडी मागे.
घर घेतील का, पैसे घेतील का, कागदावर कोणाचं नाव, काही ठरलेलं नाही. शे. धरून चौघं परत येतील जेवायला. भात जास्तच टाकते.