लाल रेघेचा वळसा

मंगळवार, दिवेलागण

मतदारसंघांच्या सीमा आखणाऱ्या आयोगाचा कच्चा नकाशा आज अलिबागहून आणला. लाल रेघ खाडीवरून सरळ जाते आणि मध्येच वळसा घेते. तिथं तर नुसतं पाणी आहे. बांध फुटून माणसांसकट बुडालेला आत्याचा पाडा तिथंच होता. जुन्या नकाशावरून आखलं असणार, दुसरं काय? पण त्या वळशापायी आमची वाडी पलीकडच्या मतदारसंघात जाते. मग जेटीसाठी भांडायचं कुणाकडे? हरकतीची उद्या शेवटची तारीख.

आत्याला दिसत नाही. तरी कागदावरून फिरणारं तिचं बोट नेमकं वळशात थांबलं.

"ह्यो आमचा उंबरा. पुसू नको गो बाय. बुडालेल्या मानसांना अजून कुनीतरी मोजलंय."

वळसा काढून टाका, असा हरकतीचा अर्ज लिहून झालाय. सहीसाठी पेन उचललं की त्या उंबऱ्यावर कुणीतरी येऊन उभं राहतं.