काळ्या गाठीची दोरी

बद्रीनाथ, हे वाचायला बसण्याआधी गोठ्याचं दार लावलंस का ते बघून ये. लावलेलं नसणार. स्वतःच्या लग्नाला निघताना तू बाशिंग घरी विसरला होतास, म्हणून आजी तोंडी न सांगता कागदावर घालते आहे.

मी साखराबाई, मयत सटवाजी गलांडे यांची बायको, वय सत्तरच्या आसपास, राहणार युसूफ वडगाव, जिल्हा बीड, राजीखुशीने लिहवून ठेवते की, माझे शरीर थकले असले तरी डोके ठिकाणावर आहे. मला अक्षर येत नाही. मी सांगते ते मोहनराव मास्तर लिहीत आहेत. मास्तरांनी माझं बोलणं सुधारू नये, हेही त्यांनीच लिहावं.

कलम पहिले. नदीकाठचे तीन एकर रान आणि बैलजोडी माझा नातू बद्रीनाथ याची. माझ्या चांदीच्या पाटल्या त्याची बायको रुक्मिणी हिच्या.

कलम दुसरे. प्लेगाच्या सालात दवाखान्याच्या डॉक्टरांनी मला बिनशेपटीच्या विलायती उंदरांच्या दोन जोड्या पाळायला दिल्या. त्यांची वीण आजवर टिकली. सध्या अकरा आहेत. ते सगळे, खुराडी आणि खुंटीवरच्या दोऱ्यांसकट, रुक्मिणीचे. बद्रीनाथाने हात लावू नये, तो नर-मादी एकत्र सोडून विसरेल. रुक्मिणी, जनावरामागे अंबाडीची एक दोरी. व्याली की साधी गाठ, पिल्लू दगावलं की लाल धाग्याची. काळ्या धाग्याची गाठ तुला लागू नये, पण माहीत असू दे. गाव रानात झोपड्या घालून राहायचं, तेव्हा रिकाम्या घरात हे जनावर तीन रात्री ठेवायचे. मेलं तर घरात रोग आहे. जगलं तर माणसांनी आत जावं. पण जगून परत आलेलं जनावर पुन्हा कुठल्या घरात ठेवायचं नाही, कारण रोग एकदा चाटून गेला की ते रोगाच्या घरातही मरत नाही. अशाच्या दोरीला काळी गाठ. आधी गाठ मारायची, मग दुसऱ्याशी बोलायचं.

कलम तिसरे. शेजारी सुंदरराव माझ्या जनावरांना पंधरा वर्षं "म्हातारीची बिनशेपटी नातवंडं" म्हणत आला. त्याला त्या अकरातला एक नर द्यावा. नर पायाचा आवाज ऐकला की शिट्टी घालतो. सुंदररावाला घरात ऐकून घेणारं कुणी नाही, तेवढीच सोबत.

कलम चौथे. घर. माळवदाचा पुढचा भाग बद्रीनाथाचा. चुलीकडची खोली माझी धाकटी विधवा सून छबुबाई हिची, हयातभर, कोणाची हरकत चालणार नाही. ती सध्या सिरसाळ्याला भावाकडे आहे.

मास्तरांनी लेखणी उचलली. म्हणाले, "माय, जिला घराबाहेर काढलं तिला घर?"

मी म्हणाले, "लिहा. का म्हणून ते पण लिहा."

बद्रीनाथ, तू चार वर्षांचा होतास. आपल्या घरात मी कपाळावर पांढरा टिळा असलेली मादी ठेवली. तिच्या दोरीला काळी गाठ नव्हती. तीन रात्री जगली. तुझा बाप शहादेव आणि आई वत्सला घर झाडायला आत गेले. आठ दिवसांत दोघंही गेले. तेव्हा सुंदरराव चारचौघांत म्हणाला, "ही टिळ्याची तर माझ्या घरातून जित्ती परत गेलती."

काळी गाठ तूच सोडलीस म्हणून मी छबूला अंगणात उभं केलं. ती म्हणाली, "आत्याबाई, म्या दोरीला हात लावला न्हाई."

मी म्हणाले, "मग गाठ काय उंदरानं खाल्ली?"

ती नेसत्या लुगड्यानिशी गेली. गावानं मान डोलावली. तुलाही मी तेच शिकवलं, आणि आता तू सिरसाळ्याच्या बाजारात तिला बघून तोंड फिरवतोस.

दहाव्याच्या दिवशी मी ती दोरी हातात घेतली. अंबाडीची गाठ सोडली तरी दोरीवर वळ राहतो, कितीही चोळा. त्या दोरीवर वळ नव्हता. गाठ कुणी सोडली नव्हती, मी मारलीच नव्हती. सुंदररावाकडून जनावर आलं तेव्हा मी छबूशी धपाट्यात मीठ जास्त झालं म्हणून भांडत होते. भांडता भांडता दोरी तशीच खुंटीला अडकवली. हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. सांगायला निघाले की तू समोर यायचास.

ती दोरी माझ्या उशाला आहे. ती वाटणीत कुणाला देत नाही. बद्रीनाथाने ती स्वतः सिरसाळ्याला नेऊन छबूच्या हातात ठेवावी आणि हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावे. दुसऱ्याला पाठवू नये. हे विसरलास तर आजीवर गेलास म्हणतील.

मुक्काम युसूफ वडगाव, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८४९, फसली सन १३३७.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, साखराबाई.
लिहिणार: मोहनराव, शाळामास्तर.
साक्ष: विठ्ठलराव.
साक्ष: सुंदरराव. तिसरे कलम ऐकून सही केली. नर चालेल.

अंगठा उठवल्यावर आठवले ते: माझ्या तेराव्याचं पहिलं ताट कावळ्याआधी सिरसाळ्याला जाऊ द्या. गोडधोड नको. ज्वारीचे धपाटे आणि दही. मी तिला घराबाहेर काढलं त्या दिवशी ती तव्यावरचं तसंच टाकून गेली होती. ताट परत आलं तर दुसऱ्या दिवशी ताजे करून पुन्हा पाठवा. मीठ पिठात घालू नका, वेगळ्या पानावर द्या. किती घ्यायचं ते तिचं ती बघेल.