सकाळच्या गाडीची मोजणी

रविवार, ९ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार आणि नातीला एक पापा. तिने पाठवलेल्या चित्रातला टकला माणूस मीच असेन तर तिला सांग, कानांच्या वर अजून केस आहेत, तेवढे काढून पाठव.

परवा फोनवर तू एकच प्रश्न तीनदा विचारलास आणि मी तिन्ही वेळा "आवाज येत नाही गं" म्हणालो. आवाज चांगला खणखणीत येत होता. तुझ्या प्रश्नाचं उत्तर या पत्रात आहे, पण पत्र माझं आहे, तेव्हा माझ्या क्रमाने वाचायचं. लहानपणी गोष्टीचं पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान उघडायचीस, तसं करायचं नाही.

तर आधी तब्येत. गुडघा बरा आहे. जिना चढताना कुरकुरतो, पण आपल्याकडे जिना नाही. मशीनला तेल घातलं. खालच्या शहरातल्या शाळेचे गणवेश यंदाही माझ्याकडेच आले आहेत आणि मुलांच्या कमरा दर वर्षी का वाढतात हे मला कोडं आहे. ही झाली खुशाली.

आता गाडीची हकिकत. सकाळची गाडी बंद होणार एवढंच तुला मी सांगितलं होतं. का बंद होणार, ते सांगितलं नव्हतं, कारण सांगायची लाज वाटत होती. एकट्या माझी नाही, अख्ख्या गावाची लाज.

झालं असं. आपल्या दुकानदाराला कुठलीही बातमी सगळ्यांच्या आधी कळते आणि नेहमी अर्धीच कळते. त्याने सांगितलं, "गाडीत किती माणसं असतात ते बघायला सोमवारी वरून माणूस येणार आहे." आपली गाडी कशी भरते तुला ठाऊक आहे. कॉलेजच्या पोरी दारापर्यंत उभ्या, इस्पितळात निघालेल्या शेजारच्या काकू कुणाच्या तरी मांडीवर, माझं गणवेशांचं गाठोडं ड्रायव्हरमामाच्या पाठीला टेकलेलं. सगळे एकमेकांना म्हणू लागले, एवढी गर्दी बघितली तर मामाची नोकरी जाईल! मामा आपला जीव की प्राण. धावत येणारं माणूस लांबून दिसलं तरी गाडी थांबवतो, असा ड्रायव्हर पुन्हा कुठे मिळणार? मग गावाने ठरवलं की मामाला वाचवायचं. सोमवारी कुणी दुधाच्या टेंपोत बसलं, कुणी सायकलवर, पोरी तर पहाटेच चालत निघाल्या. गाडीत बसवली फक्त चार माणसं. निवडक, भांग पाडलेली, शिस्तीत बसणारी. त्यांतला एक मी. गाठोडंसुद्धा मांडीवर घेऊन बसलो होतो, जागा अडू नये म्हणून.

मोजायला आलेला तरुण बिचारा सभ्य होता. त्याने विचारलं, "रोज एवढीच माणसं असतात का?"

शाळेतून निवृत्त झालेल्या आपल्या मोठ्या बाई पुढच्याच सीटवर होत्या. त्या ताठ मानेने म्हणाल्या, "रोज एवढीच! या गाडीत कधी गर्दी म्हणून होत नाही."

आम्ही बाकीचे तिघे जोरजोरात माना हलवत होतो.

पंधरा दिवसांनी थांब्यावर कागद लागला. प्रवासी नसल्यामुळे सकाळची फेरी एप्रिलपासून बंद, कुणाचं म्हणणं असेल तर सुनावणीला यावं. तो वाचल्यावर दुकानदार दोन दिवस दुकानात दिसला नाही, त्याची बायकोच साखर मोजत होती. आणि कागद लागला त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, तेव्हा मी पटकन म्हणून गेलो, "गाडी बंद झाली तर येतो तुझ्याकडे. कायमचा."

त्यावर तू नाक तेवढं ओढलंस. मी ऐकलं.

सुनावणी होती शहरात, सकाळी दहाला. आपली गाडी तिथे पोचते अकराला. दुधवाला म्हणाला, टेंपोतून पोचवतो सगळ्यांना वेळेवर. पण मोठ्या बाई अडून बसल्या, "गाडीसाठी भांडायला जायचं आणि टेंपोने? शोभतं का ते? गाडीनेच जायचं!" चुकीची भरपाई करायला निघालेल्या माणसाशी कोण वाद घालणार? गेलो सगळे गाडीने. मामाने इतकी दामटली की माझ्या कवळीने दोनदा जागा सोडली. तरी कचेरीच्या पायऱ्यांशी पोचलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते आणि सुनावणी घेणाऱ्या अधिकारी मॅडम ती आटोपून खाली उतरत होत्या.

"तुमच्या गावातून कुणीच आलं नाही," गावाचं नाव ऐकून त्या म्हणाल्या. "मी अर्धा तास वाट पाहिली."

बोलायचं काम माझ्याकडे दिलं होतं, कारण म्हणे मी कपडे शिवताना गप्प बसत नाही. सात वाक्यं पाठ केली होती. त्यांतलं एकही आठवेना. तोंडून निघालं ते एवढंच, "मॅडम, जी गाडी तुम्ही बंद करताय, तिनेच आलो. ती यापेक्षा लवकर पोचत नाही."

त्या थांबल्या. मग आम्ही त्यांना चार माणसांची ती हकिकत सांगितली, म्हणजे सगळ्यांनी एकदमच सांगितली. दुकानदार मध्येच रडायला लागला. मॅडम हसल्या नाहीत, पण हातातला रुमाल त्यांनी बराच वेळ तोंडावर धरला होता.

मॅडम सरळ होत्या गं. त्यांनी मला विचारलं, "काका, तेवढ्याच डिझेलमध्ये मी शहरात तीन फेऱ्या वाढवू शकते. तिथेही लोक ताटकळतात. त्यांना काय सांगू?"

खरं सांगतो, प्रश्न खोटा नव्हता. मी म्हणालो, "शहरात गाडी चुकली तर माणसाला उशीर होतो. आमची चुकली तर दिवस जातो. काकूंचा तर इस्पितळातला नंबर जातो, तो पुन्हा पुढच्या आठवड्यात." त्या म्हणाल्या, "मला पटतं हो. पण वर कळवायला मला माणसं मोजून दाखवावी लागतात." आणि निघून गेल्या. आम्ही तोंडं पाडून परत आलो. मोठ्या बाई गाडीत उभ्याने आल्या. बसा म्हटलं तरी बसेनात.

पुढच्या बुधवारी काय व्हावं? गाडी नेहमीसारखी गच्च भरलेली. मोठ्या रस्त्याच्या वळणावर एक बाई हात करून उभी. मामाने थांबवली. बघतो तर मॅडम! ना जीप, ना शिपाई. खांद्याला पर्स, हातात सुटे पैसे.

आणि भिंगरे, आपल्या गावाची खोड बघ. मॅडम आत आल्या आणि अख्खी गाडी उभी राहिली. "बसा मॅडम, इथे बसा," "नाही, इकडे खिडकीत बसा." काकू मांडीवरून उठल्या, जिची मांडी होती तीही उठली. दोघं तर स्टॉप आलेला नसताना उतरायला निघाले, मॅडमना मोकळं वाटावं म्हणून! तेव्हा मामाने करकचून ब्रेक मारला आणि मागे वळून असा ओरडला की आयुष्यात कधी ओरडला नसेल, "खबरदार कुणी जागेवरून हललं तर! बसा खाली सगळे! यांना उभं राहू द्या!"

सगळे बसले. मॅडम उभ्या राहिल्या. दांडीला धरून, तिरक्या, एका पोरीची वेणी तोंडावर आणि दुसरीचं दप्तर पोटात. पाहुणी उभी आणि आपण बसलेले, हे बघणं किती अवघड असतं म्हणून सांगू! अर्धी गाडी खिडकीबाहेर बघत होती, जणू रस्ता कधी पाहिलाच नव्हता. शेवटी एका वळणावर त्या माझ्या गाठोड्यावरच बसल्या. इस्त्री केलेले चाळीस गणवेश खाली. मी म्हणालो, "बसा, अगदी आरामात बसा, हे काही जागेत धरत नाहीत." तिथे त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. इस्त्री सगळी पुन्हा करावी लागली, पण इस्त्री करताना मी गात होतो, यावरून काय ते समज.

शुक्रवारी निर्णय आला. गाडी राहिली. वर्षभर तरी राहिली, आणि आता ती लवकर सुटून साडेनऊला शहरात पोचते, म्हणजे पुढच्या सुनावणीला आम्ही वेळेवर जाऊ. मधेमधे न सांगता मोजणी होणार आहे. दुकानदाराने दुकान सोडून थांब्यावरच मुक्काम ठोकलाय, दिसेल त्याला म्हणतो, "कुठे निघालात? काही काम काढा की शहरात!" मामाला गावाने खांद्यावर घ्यायचं ठरवलं होतं, पण त्याचं वजन बघता हार घालून भागवलं.

इथपर्यंत सगळं हसून लिहिलं. आता तुझा प्रश्न. "बाबा, गाडी राहिली हे चांगलंच झालं, पण तुम्ही येताय ना?"

तू माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीस, मशीनसाठी टेबल खिडकीशी लावलंस, हे मला जावईबापूंनी सांगितलं. तू सांगितलं नाहीस, मला भरीस पाडायला नको म्हणून. ते ऐकल्यापासून मला झोप नीट नाही. सुनावणीच्या सकाळी मी चपला घालून दारात बराच वेळ उभा होतो. वाटलं, जाऊच नये. गाडी बंद होऊ दे, म्हणजे ठरवायचं काम माझ्यावर राहणार नाही. पोरीकडे जाऊ, नातीला गोष्टी सांगू. मग बाहेरून मामाने हॉर्न वाजवला आणि मी गेलो. गाडीसाठी भांडत होतो तेव्हा तुझ्या त्या रंगवलेल्या खोलीविरुद्धच भांडत होतो हे मला पुरतं कळत होतं. तरी भांडलो.

मी येत नाहीये, बाळा.

तुझ्यावर माया कमी आहे म्हणून नाही, हे मी लिहायला हवं का? लिहितो. तुझी आई गेल्यापासून मला तुझ्याइतकं कुणी जपलं नाही. पण तुझ्याकडे मी नुसता बाबा असेन. दिवसभर बाबा, रविवारीही बाबा. इथे सकाळी कुणीतरी दार वाजवतं, "अहो, बाही आखूड झाली," आणि मी खेकसतो, आणि दिवस सुरू होतो. गाठोडं घेऊन गाडीत बसलो की मी कामाला निघालेला माणूस असतो. हात चालतात तोवर मला कामाला निघालेला माणूस राहू दे. पुढे हात थकले तर मीच कळवीन, तेव्हा हट्ट करणार नाही, शब्द देतो.

हे फोनवर सांगता आलं नसतं. तू "बाबा" म्हणाली असतीस आणि मी "बरं, येतो" म्हणून मोकळा झालो असतो. कागद मात्र मधेच नाक ओढत नाही.

शाळेला सुट्टी लागली की महिनाभर येईन. खोलीचा रंग बघीन, टेबलावर नातीचे फ्रॉक शिवीन आणि तुमच्या स्वयंपाकाला नावं ठेवीन.

तू रागावशील. रागाव, तुझा हक्कच आहे. पण तो राग पत्रातून पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. आणि मोटारीतून नको, सकाळच्या गाडीने ये, नातीलाही आण. दोन माणसं वाढतील.

तुझाच, आणि इथलाच,
बाबा