तलवार बदकं उतरली, शकुन

प्रिय शकुन,

काल सकाळी तलावावर गेलो, तर तलवार बदकं उतरलेली. दर हिवाळ्यात ती आधी तुला दिसायची आणि तू मला हाक मारायचीस. यंदा मीच आधी पाहिली, आणि घरी येऊन सांगायला कोणी नव्हतं. म्हणून लिहितोय.

नर तसाच देखणा आहे गं. चॉकलेटी डोकं, मानेवर चढत गेलेली पांढरी रेघ, राखाडी अंग, मागे लांब टोकदार काळी शेपटी. मादी साधी, तपकिरी ठिपक्यांची. दिवसभर थवा मधल्या पाण्यात निवांत. ऊन उतरलं की उथळ काठाशी चरायला. डोकं पाण्यात, शेपटी आभाळात. "एवढे सुंदर, पन जेवताना लाज नाई यायले," असं म्हणून हसायचीस.

तो अडकलेला नर आठवतो? चरताना त्याची मान माझ्या नव्या जाळ्यात गुंतली. "भाऊ, आज रस्सा होते," काठावरचा एक मासेमार म्हणाला. मी उत्तर देईपर्यंत तू पातळ खोचून, विळा घेऊन कमरेएवढ्या पाण्यात! पोहता तरी येत होतं का तुला?

त्याने पंखांनी झोडपलं, तरी तू त्याला काखेत धरलंस आणि विळ्याने जाळं कापू लागलीस.

"शकुन, जाळं नवं हाये," मी म्हणालो.

"जाळं मी इणून देईन तुमाले. ह्याची मान मोडली तं कोन जोडून देईन?"

तो सुटला, उडाला. वर घिरट्या घालणारी मादी त्याच्यामागे गेली. तू ओलीचिंब काठावर आलीस आणि सगळ्यांना म्हणालीस, "हिमालयाच्या पलीकडून येतेत हे. हिवाळाभर उथळ बाजूले जाळे नोका लावू. बाकी तलाव तुमचाच हाये."

जाळं खरंच विणून दिलंस. तुझ्या गाठी माझ्यापेक्षा घट्ट निघाल्या.

मग या पावसाळ्यात तुला ताप आला. चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं, पण तू परत आली नाहीस. एवढी घाई कशाची होती?

काल संध्याकाळी मासेमारांच्या बैठकीत एका नव्या सभासदाने विचारलं, "उथळ बाजूले जाळे काऊन नाई लावत?"

मी तोंड उघडण्याआधीच दुसरा म्हणाला, "ते शकुनबाईची बाजू होय."

बैठक लगेच पुढच्या विषयावर गेली.

मी आहे तोवर तिथे जाळं पडणार नाही, हा माझा शब्द. माझ्यानंतरही पडेल असं आता वाटत नाही.

तुझाच,
नामदेव