बंद खोलीतला पारा

३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचलो, जेवलो, झोपलो, आणि नोकरी अजून गेलेली नाही. आठवड्यात भांडून परत येईन अशी तुझी पैज होती, ती तू हरलीस.

संग्रहालयाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर मला एक लांबट खोली दिली आहे. एका भिंतीशी जुनी वाद्यं, समोरच्या भिंतीशी मोजमापाची यंत्रं, जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून आलेली. पिसाच्या दांडीनं तार छेडणारा पियानोचा पणजोबा आहे. खलाशांची ताऱ्यांची उंची मोजायची पितळी तबकडी आहे. आणि संग्रहपाल साहेबांचा जीव जिच्यात अडकलाय ती म्हातारी आहे. म्हणजे गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचं सहा तारांचं वाद्य. लाकूड इतकं पातळ, की हवा जरा बदलली तरी तडकेल. म्हणून साहेबांनी खिडक्यांच्या फटी कापडी पट्ट्यांनी चिकटवून टाकल्यात, आणि शेगडी दिवसभर एकाच आचेवर ठेवायची असा हुकूम आहे. मी दार उघडलं तरी ते असे बघतात, जशी काही मी घरफोडीच केली.

माझं काम समोरच्या भिंतीचं. हवेचा दाब मोजणारे जुने बॅरोमीटर आहेत, नळीत पारा असलेले, आणि सगळे बंद पडलेत, कारण नळ्यांत हवा शिरली आहे. पारा ओतून काढायचा, चामड्याच्या तुकड्यातून पिळून गाळायचा, परत भरायचा, आणि नळी ज्योतीवर धरून आतल्या आत उकळायचा, म्हणजे शेवटचा बुडबुडाही निघून जातो. जुने कारागीर असंच करत. साहेबांना सगळं अस्सल हवं, आणि खरं सांगायचं तर मलाही. मार्चअखेर प्रदर्शन उघडेल तेव्हा सगळ्या नळ्या एकाच आकड्यावर उभ्या असतील.

थेंब सांडले की ते फळ्यांच्या फटीत पळतात. मी खेळातल्या पत्त्यानं त्यांना हाकत बसतो, मेंढरं हाकल्यासारखा. धूर नाही, वास नाही, इतकं सभ्य काम आपल्या घराण्यात कोणी केलं नसेल. आईला सांग, पोटभर खातो.

माया आहे तेवढी राहू दे, उपदेश मात्र अर्धा कर.
तुझा
उचापत्या


१९ नोव्हेंबर

चि. उचापत्यास,
अ. उ. आ.

पैज हरले, कबूल. इकडे सगळं ठीक. चष्म्याच्या दुकानात सध्या एक गिऱ्हाईक रोज येतं आणि काच पुसून देऊनसुद्धा म्हणतं की दिसत नाही. मालक म्हणतात, त्याला काच नको, गप्पा हव्यात.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. मी म्हटलं, बाबा घड्याळांच्या पितळी चौकटींना सोन्याचा मुलामा द्यायचे, हा नळ्या उकळतो, म्हणजे विस्तवाशी खेळ काही घरातून जात नाही. बाबा होते तेव्हा त्यांच्या रागापायी तू घर सोडलंस खरं, पण हात त्यांचेच घेऊन गेलास. मला वाटलं आई हसेल. ती हसली नाही. त्याला म्हणावं रोज थोडा वेळ बाहेर पडत जा, एवढंच म्हणाली. बाबांचा विषय निघाला की तिचं असंच होतं, हे तुलाही ठाऊक आहे.

लोकरीचा सदरा पाठवते आहे. बाह्या लांब झाल्यात, दुमडून घाल. जपून राहा, आणि पत्र लवकर टाक.
तुझी
ताई


२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सदरा मिळाला. उशिराबद्दल रागावू नकोस. पत्र लिहायला बसलो की अक्षरं सरळ राहत नाहीत. थंडीनं बोटं आखडली असतील, पण खोली तर भट्टीसारखी गरम असते, तेव्हा काय ते मला कळत नाही.

काम छान चाललं आहे. निम्म्या नळ्या भरून झाल्या. साहेब म्हणतात असा हात त्यांनी पाहिला नाही. त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं होतं. मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो. हसशील, पण मला लाज वाटली. चार लोकांत मोठमोठ्यानं बोलणारा मी, आता कोणी नुसतं बघितलं तरी कान गरम होतात. खाली कचेरीत पगार घ्यायला जायचं तर मी सगळे जाईपर्यंत जिन्यात थांबतो.

बाकी किरकोळ. हिरड्या सुजल्यात, तोंडाला सतत पाणी सुटतं, आणि नाणं चघळल्यासारखी चव येते. झोप नाही. दात काढून घ्यावा म्हणतो, पण दंतवैद्यासमोर बसायचं म्हणजे तो तोंडाकडे बघणार.

म्हातारी मजेत आहे, एक चरा नाही. आईला माझा नमस्कार. आठवण ठेव.
तुझा
उचापत्या


१४ जानेवारी

चि. उचापत्यास,
अ. उ. आ.

हे पत्र मिळालं की हातातलं काम टाकून खोलीबाहेर हो. कारण पुढे लिहिते, पण आधी बाहेर हो.

तुझं पत्र वाचताना मी थट्टाच करत होते. म्हटलं, स्वारी लाजायला लागली, म्हणजे कोणीतरी मनात भरलेली दिसते. आईनं मला थांबवलं आणि हिरड्यांचं पुन्हा वाच म्हणाली. मग जिन्याचं पुन्हा वाच म्हणाली. मग ती पदर तोंडाशी धरून बसली. ती म्हणते, बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी पाहुणे आले की मागच्या खोलीत जाऊन बसायचे. मग तोंडातली चव, मग हात, आणि सगळ्यात शेवटी राग. आपण दोघांनी फक्त शेवटचं पाहिलं.

मी बाबांच्या डॉक्टरांकडे गेले. आता थकलेत, पण सगळं आठवतं त्यांना. सोनं पाऱ्यात कालवून चौकटीला फासतात आणि तापवतात. पारा उडून जातो, सोनं उरतं. उडालेला पारा बाबांच्या छातीत जात होता. त्याला वास नसतो, म्हणून कळत नाही. डॉक्टरांनी बाबांना हे तोंडावर सांगितलं होतं आणि बाबांनी त्यांना हाताला धरून घराबाहेर काढलं होतं. आईला ते आजवर माहीत नव्हतं. तुझ्या बंद खिडक्या आणि शेगडी ऐकून डॉक्टरांनी फक्त तू किती दूर आहेस ते विचारलं.

वाद्य तडकलं तर तडकू दे. खिडक्या उघड आणि घरी ये. तू माझ्याशी भांड, काय वाटेल ते कर, पण मला तू हवा आहेस.
तुझी
ताई


२५ जानेवारी

ताईस,

पत्र पोचलं. तुमचा दोघींचा कट माझ्या लक्षात आला. मी बाबांसारखा, हे एकदा ठरवून टाकलं की मोकळ्या. माझ्या हाताला काही झालेलं नाही. काल एक नळी फुटली ती कोणीतरी आधीच चिरून ठेवली होती. साहेब मागून येऊन उभे राहतात. त्यांना मी उकळायची पद्धत शिकवली की मला काढून टाकणार.

खिडकी उघडायचं कोणाच्या डोक्यात आलं? साहेबांनाही तूच लिहिलंस ना? मी आता खोलीतच झोपतो. आतून कडी लावतो. शेगडी वाढवली आहे, कारण मला फार गार वाटतं. तीनच नळ्या राहिल्यात, त्या झाल्याशिवाय मला कोणी हलवायचं नाही.

आईला काही सांगू नकोस.


३ फेब्रुवारी

मा. भगिनी यांस,
स. न. वि. वि.

आपली दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्या पत्राला उत्तर दिलं नाही, याचं वाईट वाटतं. आपल्या बंधूंचं काम इतकं सुंदर होत होतं, की चिडचिड हा कारागिराचा स्वभाव असेल असं मी धरून चाललो. शिवाय थंडीत खिडक्या उघडायच्या म्हणजे त्या वाद्याचं काय, हाच विचार मनात येत राहिला.

ते दार उघडत नाहीत. जेवणाचं ताट उंबऱ्यापाशी ठेवतो. कधी आत घेतात, कधी तसंच राहतं. काल मी दार ठोठावलं तर आतून काहीतरी जड दारावर येऊन आदळलं. सुतार बोलावून दार फोडता येईल, पण आतली जमीन काचांनी आणि पाऱ्यानं भरलेली असणार, आणि ते घाबरून काय करतील याची मला भीती वाटते. माझा आवाज त्यांना सहन होत नाही. आपण येऊ शकाल तर लगेच यावं.

आपला
संग्रहपाल


१२ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तो जिवंत आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं.

मी दाराबाहेर बसून राहिले. हाक मारली असती तर तो चिडला असता, म्हणून बोलले नाही. रडू मात्र आवरलं नाही. बाहेर कोण रडतंय ते बघायला त्यानंच कडी काढली. मला बघून बाहीनं तोंड झाकून घेतलं. सदरा तोच, मी विणलेला, बाह्या न दुमडलेला. साहेबांनी स्वतः खिडक्यांच्या पट्ट्या कापल्या. सुतारानं दोन फळ्या उचलल्या तर खाली सगळा पारा चमकत होता.

आता तो खालच्या मजल्यावर माझ्याजवळ आहे. पेला धरता येत नाही, मीच पाजते. गुंड्या मी लावते, तेव्हा तो भिंतीकडे बघतो. इथले डॉक्टर म्हणतात, मोकळ्या हवेत राग जाईल, लाजही बरीच जाईल. हातांचं विचारलं तर ते औषधाच्या वेळा सांगू लागतात. बारीक काम आता त्याच्याकडून व्हायचं नाही, हे मी समजून घेतलं आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.

बाबांचं मात्र सांगितलं. माझं पत्र त्यानं वाचलं होतं, पण त्याला ते आठवत नव्हतं. डॉक्टर, सोनं, पारा, सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग त्यानं विचारलं की, म्हणजे तो राग बाबांचा नव्हताच का. मी म्हटलं, नसावा. त्यावर त्यानं विचारलं, मग बाबा कसे होते.

आई, मी जन्मले तेव्हा बाबांची भट्टी पेटलेलीच होती. राग येण्याआधीचे बाबा मी कधी बघितलेच नाहीत. ते आता फक्त तुला माहीत आहेत.

प्रवासाचं बळ येईपर्यंत आम्ही इथेच आहोत. तू लिहून पाठव. शेजारणीकडून लिहून घेऊ नकोस, तुझ्या हातानं लिही, अक्षर कसंही आलं तरी चालेल. बाबा कसे बोलायचे, कशाला हसायचे, मला पहिल्यांदा कसं घेतलं, काहीही लिही. आणि लवकर लिही, कारण सकाळचं त्याला संध्याकाळी आठवत नाही, आणि बाबा कसे होते हे तो मला रोज नव्यानं विचारतो.

तुझा हात आमच्या दोघांच्या डोक्यावर असू दे.
तुझी
मुलगी