नांगरावरचं जहाज

४ नोव्हेंबर २०२५
संघदीपच्या लग्नाची पत्रिका छापायला आली, तीही आमच्याच दुकानात! अख्ख्या दारव्ह्यात दुसरं दुकान नव्हतं? वधू नागपूरची. लग्न ३० तारखेला, त्याच्या गावी, बोरी अरबला.
साखरपुडा माझ्याशी झाला होता. मोडला फोनवर – "दीपमाला, मले वर्षभर जहाजावरच राहा लागते. तू वाट नको पाहू."
मी पत्रिकेचा मजकूर जुळवला. वाटोळं होवो त्याचं!

५ नोव्हेंबर
जहाजांचा नकाशा माझ्या मोबाईलवर त्यानंच टाकून दिला होता. आज पुन्हा उघडला. त्याचं तेलाचं जहाज, ब्लू हेरॉन, चीनमध्ये तेल उतरवून रिकामं परत येतंय. पत्रिका टाकायला आलेली माणसं सांगत होती, आखातात तेल भरणार, गुजरातेत उतरवणार, तिथं हा सुट्टीवर निघणार. पण चाल बघा – बैलगाडी बरी! रिकामं असलं की मालक इंधन वाचवतो, हळू चालवतो. हेही त्यानंच शिकवलेलं.

१२ नोव्हेंबर
आखाताच्या तोंडाशी, फुजैरा बंदरासमोर नांगर टाकून उभं! आजूबाजूला तसलीच कितीतरी. भाडं ठरेपर्यंत उभीच राहतात. आपली काळीपिवळी सवारी भरल्याशिवाय हलते का?
मिळूच नये भाडं.

१६ नोव्हेंबर
त्याची आई, नलूकाकू, पत्रिकांचा गठ्ठा न्यायला आली. आधी नजर चुकवत होती. मग हळूच म्हणाली, "पोरी, त्याचा फोन लागून नाही राह्यला. तुले ते नकाशातलं समजते. जहाज येऊन राह्यलं ना?"
खरं सांगितलं असतं तर त्यांनी तारीख पुढे ढकलली असती. मी म्हणाले, "येऊन राह्यलं काकू. मंडप सांगून टाका."
घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. भरू दे मंडप! लग्नाची पांढरी साडी नेसून बसू दे नवरीला, आणि शेजारची खुर्ची रिकामी! त्या पोरीनं माझं काय बिघडवलं म्हणा... पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्याला मी काय करू?

२३ नोव्हेंबर
उभंच!

२७ नोव्हेंबर
अजून तिथंच. आता निघालं तरी गुजरात गाठत नाही. दुकानात मी गाणं गुणगुणत होते. मालक अनंतकाका म्हणाले, "काय बाई, लॉटरी लागली काय?"
लागलीच म्हणायची.

२९ नोव्हेंबर
नलूकाकू पेढे घेऊन आली. माझे दोन्ही हात धरले. "पोरगा काल घरी आला माय! त्याच्या जागी दुसरा माणूस आला, अन् याले तिथूनच लहान्या बोटीनं उतरवून इमानात बसवलं. नागपूरवाले तं लग्नच मोडून राह्यलते. म्या म्हटलं, दीपमालानं नकाशात पाह्यलं, जहाज येऊन राह्यलं – तवा कुठं थांबले!"
जहाज अजून तिथंच उभं आहे. लग्न मी लावलं.