शेवंताबाईंचं कात्रण

नागपूर, मंगळवार संध्याकाळ

शेवंताबाईंचं अपंगत्व आता पस्तीस टक्केच धरलंय. चाळीसच्या आत आलं, म्हणून अनुदान बंद. फेरतपासणी कक्षातल्या बाबूनेच दुपारी फोनवर सांगितलं.

मग त्या स्वतःच आमच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात आल्या. उजवा हात तसाच, लुळा. डाव्या हाताने पिशवीतून लॅमिनेट केलेलं कात्रण काढलं. माझीच बातमी: ‘एका हाताने पेलला माग’. तपासणीला त्यांनी तेच डॉक्टरांपुढे ठेवलं होतं.

“काहून दाखवलं, बाई?”

“तुमी एवढं चांगलं लिवलं, भाऊ. मले वाटलं, साहेब खूश होतीन.” मग हसून म्हणाल्या, “सून म्हणते, माहा फोटो तं कापलाच भाऊनं.”

बातमीसाठी त्यांच्या घरी गेलो, त्या दिवशी सून मागावर त्यांच्या शेजारीच बसली होती. धोटा तीच फेकत होती, तुटलेलं सूतही तीच जोडत होती. मी पाहिलं होतं. मथळ्यात बसत नव्हतं म्हणून गाळलं? बातमी सहापर्यंत द्यायची होती, हे खरं. पण तेवढंच?

लॅमिनेट केलंय, आता ते कात्रण पिवळंही पडणार नाही.

त्यांनी अपील आधीच केलंय, गुरुवारी त्याची सुनावणी आहे. बातमी लिहिणाऱ्यालाही बोलावलंय. शेवंताबाई कात्रण घेऊनच येतील, आणि मला त्यांच्यासमोर सांगावं लागेल की ते खोटं आहे.